ऑटोइम्यून हेपॅटायटिस आहे, आता फॅटी लिव्हरही निघालं. गोळ्या बंद करू का?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे, वय ४८. चार वर्षांपूर्वी कावीळ झाली, बायोप्सी (लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणी) होऊन ऑटोइम्यून हेपॅटायटिसचं निदान झालं, म्हणजे प्रतिकारशक्तीनेच स्वतःच्या लिव्हरला सूज आणण्याचा आजार. सध्या रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम आणि प्रतिकारशक्ती आवरणारी अझाथायोप्रिन ७५ मिलिग्रॅम. या काळात वजन ६१ वरून ७२ किलोवर गेलं. दोन वर्षं ३५ च्या आत असलेला एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा रक्तातला आकडा) आता ७२ आला आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ लिहून आलं. युरिक अ‍ॅसिड ७.८ निघालं म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं आहे, ते अजून सुरू केलेलं नाही. घरी सकाळी गुळवेलीचा काढा चालू आहे. त्या विचारतात की या गोळ्यांनीच लिव्हरला चरबी धरली का, मग गोळ्या बंद कराव्यात का, आणि खायचं काय.

ताई, गोळ्या बंद करू नका. कारण पुढे सांगते. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला फॅटी लिव्हरपेक्षा तातडीच्या वाटतात, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

पहिली अ‍ॅलोप्युरिनॉलची. ती गोळी सुरू केली नाहीत हे फार बरं झालं. तुमची अझाथायोप्रिन शरीरात ज्या वाटांनी निकामी होऊन बाहेर पडते, त्यातली एक मोठी वाट अ‍ॅलोप्युरिनॉल अडवून धरतं. मग अझाथायोप्रिनचा सक्रिय अंश रक्तात साठत जातो आणि अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. पांढऱ्या पेशी इतक्या खाली येऊ शकतात की साधा ताप जिवावर बेतावा. युरिक अ‍ॅसिडच्याच फेबुक्सोस्टॅट या दुसऱ्या गोळीचंही तसंच. क्वचित प्रसंगी लिव्हरचे डॉक्टर अ‍ॅलोप्युरिनॉल आणि अझाथायोप्रिन मुद्दाम एकत्र देतात, पण तेव्हा अझाथायोप्रिनचा डोस पाव-तिहाईवर आणून, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासत. फॅटी लिव्हर असलेल्यांचं युरिक अ‍ॅसिड बहुतेकदा थोडं वाढलेलंच असतं, त्यामुळे ऑटोइम्यून हेपॅटायटिस आणि फॅटी लिव्हर एकत्र आले की अ‍ॅलोप्युरिनॉलची चिठ्ठी कुणी ना कुणी लिहितंच. तुमचा अंगठा किंवा घोटा कधी लाल होऊन सुजलेला नसेल, मुतखडा नसेल, तर नुसत्या ७.८ या आकड्याला सहसा औषधच लागत नाही. वजन उतरलं की तोही उतरतो. मेडिकल दुकानात आणि नव्या डॉक्टरांकडे पहिलं वाक्य हेच बोला, ‘मी अझाथायोप्रिन घेते.’

दुसरी गोष्ट गुळवेल. इथे मला ठाम बोलायचं आहे, कारण आपल्या भागात बांधावरची गुळवेल आणणाऱ्याच्या मनात मायाच असते आणि मायेला नाही म्हणणं जड जातं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेल घेतल्यावर कावीळ झाली आणि ज्यांच्या लिव्हरच्या तुकड्यात ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखंच चित्र दिसलं. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून तसेच रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता, हेही तुम्हाला माहीत असावं. पण तुमच्यापुरता हिशेब सरळ आहे. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते असं तिचे चाहतेच सांगतात. तुमचा आजारच असा, की प्रतिकारशक्ती स्वतःच्या लिव्हरवर धावून जाते, आणि तिला आवर घालायलाच तुम्ही दोन गोळ्या घेता. एकीकडे आवरायचं आणि दुसरीकडे चेतवायचं, हे कसं जमणार? काढा आजपासून बंद. तो कधी सुरू केलात ती तारीख मात्र आठवून लिहून ठेवा. एसजीपीटी ३५ वरून ७२ होण्यात त्याचा हात असू शकतो आणि तुमच्या डॉक्टरांना ती तारीख लागेल.

काढ्याबरोबर हळदीचे अर्क भरलेल्या कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, अश्वगंधा, वजन घटवण्याची डबाबंद पावडर हेही नको. भाजीतली हळद खुशाल खा, तिचा इथे संबंध नाही. आणि कावीळ दिसली तर झाडपाल्याचं औषध देणाऱ्यांकडे जाऊ नका. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते, श्रेय पाल्याला मिळतं. तुमची कावीळ त्या जातीची नाही. ती थांबून बघण्यातले दोन आठवडे फार महाग पडतात.

आता मूळ प्रश्न. गोळ्यांनी चरबी धरली का? काही अंशी हो. प्रेडनिसोलोनने भूक वाढते, पोटावर आणि मानेमागे मांस चढतं, साखर वाढते, आणि या सगळ्यातून लिव्हरमध्ये चरबी साठते. सुरुवातीच्या महिन्यांत, डोस मोठा असताना, हे सगळ्यात जास्त घडतं. आज तुम्ही ५ मिलिग्रॅमवर आहात, त्या मात्रेचा वाटा लहान आहे. त्या वेळी चढलेलं वजन मात्र उतरलेलं नाही. अझाथायोप्रिनला चरबीचा दोष देता येत नाही. उलट तिच्यामुळेच तुमचा स्टेरॉइड इतका खाली आणता आला.

मग बंद का नाही? ऑटोइम्यून हेपॅटायटिस गोळ्यांनी शांत होतो, मुळातून जात नाही. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत तो पुन्हा उसळतो, बरेचदा पहिल्या वर्षभरातच, आणि प्रत्येक उसळीत लिव्हरवर नवे व्रण पडतात. शिवाय इतकी वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळजवळ सोडलेलं असतं. अचानक थांबवलंत तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब एकदम खाली येणं असं होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागेल. प्रेडनिसोलोन कमी होऊ शकतो, पुढे कदाचित पूर्ण सुटूही शकतो, पण अडीच किंवा एक मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर रक्त तपासून. अझाथायोप्रिनची गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं लागते.

तुमच्यासारख्या प्रत्येक रुग्णात मला एकाच गोष्टीची काळजी वाटते. एकाच लिव्हरमध्ये दोन आजार नांदतात आणि एसजीपीटी दोघांनीही वाढतो. तो आकडा बघून कुणी स्टेरॉइड वाढवला आणि कारण चरबी असली, तर वजन आणि साखर आणखी वाढते, चरबी आणखी साठते, पुढचा आकडा आणखी मोठा येतो. आणि ‘चरबीच आहे, वजन उतरवा’ म्हणून सोडून दिलं आणि कारण जुना आजार असला, तर आतल्या आत सिरॉसिसकडे, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून जाण्याकडे, वाटचाल होते. म्हणून एसजीपीटी एकट्याने वाचायचा नाही. त्याच्या शेजारी आयजीजी हवा, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं माप. ऑटोइम्यून आजार जागा झाला की बहुतेकांत आयजीजी वर जातो, नुसत्या चरबीने तो सहसा नॉर्मलच्या आत राहतो. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांत गेल्या वर्षभरात आयजीजी केलेलाच दिसत नाही. तो आधी करा.

करताना एक सावधगिरी. सीमाभागातल्या माणसाची फाइल विखुरलेली असते. एक रिपोर्ट बेळगावचा, एक कोल्हापूरचा किंवा मिरजेचा, लेक हुबळीला म्हणून एक तिथला. काही लॅब आयजीजी ‘ग्रॅम प्रति लिटर’मध्ये देतात, काही ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’मध्ये. १६ आणि १६०० हा एकच आकडा आहे. आधी १४ होता आणि आता १४५० झाला म्हणून घाबरून गेलेली घरं मी पाहिली आहेत. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासत जा आणि तारीख, एसजीओटी, एसजीपीटी, आयजीजी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि वजन एवढं एका वहीत ओळीने उतरवत जा. मला जाड फाइलपेक्षा त्या एका पानाचा उपयोग जास्त होतो.

आयजीजी नॉर्मल, वजन वाढलेलं, काढाही बंद केलेला, तर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासून चरबीवर काम सुरू करता येतं. आयजीजी वाढलेला असेल, किंवा चित्र धूसर असेल, तर पुन्हा बायोप्सी लागू शकते. तिला नाही म्हणू नका. दोन आजारांतला नेमका कोणता बोलतोय हे सर्वांत स्पष्ट तिथेच कळतं.

तुमचं निदान बायोप्सीने झालेलं आहे, म्हणून पहिल्या निदानाविषयी मला शंका नाही. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. फॅटी लिव्हर असलेल्या बऱ्याच लोकांत एएनए ही ऑटोइम्यून आजार शोधण्याची रक्तचाचणी किंचित पॉझिटिव्ह येते, ऑटोइम्यून आजार नसतानाही. केवळ तेवढ्यावर स्टेरॉइड सुरू झाला असेल आणि बायोप्सी, आयजीजी यांपैकी काहीच झालेलं नसेल, तर गोळ्या आपल्या मनाने बंद न करता एखाद्या लिव्हरतज्ज्ञाला कागद दाखवा.

सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड २’ने हादरू नका. तो चरबीचा अंदाज आहे, लिव्हर किती खराब झालं याचं माप नाही. ते माप म्हणजे व्रण किती, आणि त्यासाठी फायब्रोस्कॅन ही लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी. त्याआधी तीन तास काही खायचं नाही. आणि आजार उसळलेला असताना तो करू नये, कारण सुजलेलं लिव्हरही कडक लागतं आणि व्रण नसताना आकडा मोठा येतो.

आता वजन. चरबीवरचा आजचा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच आहे. तुमच्या ७२ किलोंपैकी ५ टक्के, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास उतरले तरी लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के, म्हणजे पाच ते सात किलो उतरले तर सूजही ओसरते आणि काहींत व्रणसुद्धा सैलावतात. सगळे अकरा किलो परत उतरवण्याचं ओझं डोक्यावर घेऊ नका. आठवड्याला अर्धा किलो पुरे, एक किलोपेक्षा जास्त नको. कडक उपास करून झपाट्याने वजन उतरवलं तर लिव्हरची सूज वाढू शकते, पित्ताशयात खडे होतात, आणि स्टेरॉइडने आधीच झिजलेले स्नायू आणखी झिजतात.

खाण्याचं विचारलंत, तर मी सुरुवात गुळापासून करीन. आपल्याकडे साखर वाईट, गूळ चांगला हे इतकं पक्कं बसलंय की डायबेटिसवालेही गुळाचा चहा पितात. लिव्हरला दोन्ही सारखेच. दिवसाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे गूळ, म्हणजे रोजचे चाळीस ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. हा गूळ जेवणात मोजला जात नाही, म्हणूनच सांगते. चहा दोनदा, बिनसाखरेचा किंवा नावाला गोड. बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर दिवसाला दोन-तीन कप घ्या, लिव्हरच्या आजारांत कॉफी पिणाऱ्यांत व्रण कमी आढळतात. उसाचा रस, काकवी, बाटलीतली थंड पेयं पूर्ण बंद. कुंदा आणि करदंट सणाला, एक तुकडा. पाहुणे आले की डबा बाहेर काढायचा आणि आपणही घ्यायचा, ही सवय मात्र मोडावी लागेल.

खानापूरकडे दोन्ही वेळा भात. भात सोडा असं मी सांगणार नाही, सोडलेला भात पंधरा दिवसांत परत येतो. ताटाची मांडणी बदला. आधी उसळ किंवा आमटीतली घट्ट डाळ, भाजी आणि काकडी-मुळा वाढून घ्या, ताटाचा अर्ध्याहून जास्त भाग त्यांनी भरू द्या, मग एक वाटी भात. रात्री भाताऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची एक भाकरी. भाकरीला गुण आहेत, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. स्नायू टिकायचे तर प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, म्हणजे मूग, मटकी, कुळीथ, चवळी, ताक-दही, खात असाल तर अंडी आणि मासे. शेंगदाण्याची चटणी चमचाभर चालेल, पण वर तेल ओतून नको. तेलाचं माप घरात माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा आणि त्याहून जास्त विकत आणूच नका. स्वयंपाक करताना हात आवरणं फार कठीण असतं.

आणि उपास. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार धरणाऱ्या बायकांचं वजन उपासाने वाढलेलं मी वारंवार बघते, कारण साबुदाण्याची खिचडी, तळलेली रताळी, बटाट्याचा कीस. उपास करायचाच तर ताक, फळ, वरी थोडी, उकडलेलं रताळं एक. गोळ्या मात्र उपासालाही घ्यायच्याच, काहीतरी खाऊन.

दारू तुम्ही घेत नाही. इतर वाचकांना एवढंच, या दोन आजारांत दारूची सुरक्षित मात्रा नाही, फेणी आणि बिअरसुद्धा त्यातच आल्या.

चालणं आठवड्यातले पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. तुम्ही म्हणाल, शेतात राबते ते काय कमी आहे? रोप लावणीच्या दिवसांत नाहीच कमी. पण ते काम हंगामी आहे, आणि वाकून केलेल्या कामाने कंबर दुखते तेवढा दम लागत नाही. तुमच्याकडच्या पावसात चार महिने बाहेर पडणं मुश्कील, तेव्हा सोप्यात फेऱ्या मारा. त्याबरोबर खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठ-बस, दिवसातून दोनदा. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू आधी जातात, म्हणून हा व्यायाम.

काही तपासण्या राहिल्या आहेत. उपाशीपोटीची साखर १०४ बघून निर्धास्त होऊ नका. सकाळच्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर चढते, म्हणून जेवणानंतरची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करा. थायरॉइडची टीएसएच चाचणी करा, कारण ऑटोइम्यून हेपॅटायटिस असलेल्या बायकांत थायरॉइडचा ऑटोइम्यून आजारही बरेचदा सोबत असतो, आणि थायरॉइड मंद असेल तर वजन हलतच नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी स्टॅटिन दिलं तर लिव्हरच्या भीतीने टाळू नका, फॅटी लिव्हरमध्ये ते चालतं. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडांची डेक्सा तपासणी यांविषयी विचारा. इतकी वर्षं स्टेरॉइड आणि त्यात पाळी जाण्याचं वय, म्हणजे हाडांना दुहेरी फटका. हेपॅटायटिस बीची तपासणी झाली होती का ते फाइलमध्ये शोधा. हेपॅटायटिस ए आणि बी, फ्लू, न्यूमोनिया यांच्या लशी घेता येतात. जिवंत विषाणूंच्या लशी या गोळ्यांवर असताना टाळतात. यात्रेत-जत्रेत पाणी घरून न्या.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल लोक विचारतात. काही रुग्णांना ती खरोखर उपयोगी पडतात, पण आजार शांत आहे हे ठरल्यावरच, आणि तुमच्या डॉक्टरांच्या हातून. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही स्वतःहून नकोत. लघवीच्या जळजळीवर नायट्रोफ्युरँटोइन लिहून मिळालं तर आपला आजार सांगून दुसरं औषध मागा, त्या औषधाने ऑटोइम्यूनसारखीच सूज येऊ शकते. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत.

ताप आला, घसा फार दुखला, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी रक्तपेशींची तपासणी. डोळे पिवळे, लघवी गडद, पोट फुगणं, काळी शी किंवा रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता बेळगाव गाठा.

या आठवड्यात एवढं करा. काढा बंद, अ‍ॅलोप्युरिनॉल परत, दोन्ही गोळ्या आहेत तशा चालू, आणि आयजीजी, रक्तपेशी, टीएसएच, जेवणानंतरची साखर तपासून घ्या. चार आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे आणि काढा सुरू केल्याची तारीख मला कळवा. आयजीजी नॉर्मल असेल आणि काढा थांबल्यावर एसजीपीटीही खाली येत असेल, तर प्रेडनिसोलोन कमी करण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते तेव्हा लिहीन.